'लवचीक सच्छिद्र' म्हटलं की स्पंज का आठवतो?

परभणीच्या एका विज्ञान शिक्षकांनी विचारलं आहे: जवळजवळ सारखी रसायनं वेगळी करणाऱ्या पदार्थांना 'लवचीक सच्छिद्र पदार्थ' म्हटलं की मुलांना स्पंज वाटतो. दुसरा शब्द आहे का?

शब्द हाच ठेवा, फक्त तो चौकटीला लावा: 'लवचीक चौकटीचा सच्छिद्र पदार्थ'. स्पंज हाताने दबतो, आणि पाणी असो की रॉकेल, दोन्ही पितो. इथे हलते ती अणूंची चौकट, आणि तिला हलवतो आत शिरणारा रेणू.

वर्गात काळ्या मातीचं ढेकूळ न्या. उन्हाळ्यात उललेलं रान मृगाच्या पावसानं मिटतं, कारण काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी शिरतं. थरापासून थराचं सुमारे 1 नॅनोमीटरचं अंतर दीडवर जातं. उलट संभाजीनगर परिसरातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारा झिओलाइट, म्हणजे बारीक भोकांचं खनिज, बराच ताठ असतो, भोकाचं माप जवळपास ठरलेलं. मातीत थर दूर होतात. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांसाठी कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळालं त्या धातू-सेंद्रिय चौकटींपैकी (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बनवलेल्या सांगाड्यांपैकी) काहींत अख्खा सांगाडाच उघडमीट करतो. 'उघडमीट' हाच शब्द वापरा. इंग्रजीतल्या 'breathing'वरून 'श्वसन' म्हटलं की मुलं ऑक्सिजन शोधू लागतात.

क्रियापदही जपा. झिओलाइट चाळतो, लवचीक चौकट निवडते. पॅरा आणि मेटा झायलीन ही जवळजवळ सारखी दोन रसायनं साधारण 138 आणि 139 अंशांना उकळतात. एवढ्याशा फरकावर ऊर्ध्वपातनाने ती वेगळी करणं फार अवघड. लवचीक चौकट ठरावीक दाबापर्यंत मिटलेली राहते आणि ज्याच्याशी जमतं त्याच्यासाठी उघडते. मात्र एकदा उघडली की दुसराही मागोमाग घुसू शकतो. म्हणून एकेक रसायन वेगळं तपासून भागत नाही, मिश्रणच घालून बघावं लागतं. शिवाय नळकांड्यात भरलेल्या या पदार्थाच्या गोळ्यांचा फुगून-आक्रसून भुगा होऊ शकतो आणि वाट तुंबते.

'शोषण' इथे नको, 'अधिशोषण' हवं: रेणू पोकळीच्या भिंतीला चिकटतात, पदार्थात विरघळत नाहीत. आणि फळ्यावर लिहिताना 'लवचीक'मधला ची दीर्घ, 'सच्छिद्र'मध्ये च्छ, 'सछिद्र' नव्हे.