थोरल्या बहिणीचे आयुष्य तिच्या मुलांसाठी कसे लिहून ठेवावे?

तुम्ही लिहिले आहे की, तुमची थोरली बहीण जाऊन दीड वर्ष झाले, तिच्या आयुष्याविषयी आणि संसाराविषयी लिहून ते तिच्या मुलांच्या हाती द्यावे अशी तुमची इच्छा आहे, पण लिहायला बसले की चार वाक्यांपुढे काही सुचत नाही. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही संकोचाने असेही विचारले आहे की, तिचे पती आणि मुले असताना भावाने एवढे दुःख करीत राहावे का. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण पहिल्या प्रश्नातील अडचणीचे मूळ मला तेथेच दिसते.

माझी ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी होती. ती गेली तेव्हा भेटायला येणारे सर्वजण भावोजींची आणि मुलांची विचारपूस करीत आणि निघताना मला सांगत, "आता तुम्हीच त्यांना धीर द्या." त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, आणि धीर देणे माझे कर्तव्यही होते, पण माझे स्वतःचे काय गेले हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला सांगितले नाही. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून उघडपणे मान्यता देत नाहीत, त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये सविस्तर लिहिले आहे. प्रौढ भावंडाच्या मृत्यूचे दुःख बहुधा त्याच प्रकारात मोडते. म्हणून तुमच्या दुःखाला कोणाची परवानगी लागत नाही, एवढे मी निःशंकपणे सांगतो.

आपण नेमके काय गमावले हे मला फार उशिरा कळले. बहुतेक माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्याआधीचे आपले आयुष्य इतरांच्याच स्मरणात असते. आमचे आईवडील आधीच गेले होते, त्यामुळे ताईबरोबर माझ्या पहिल्या तीन वर्षांची शेवटची साक्षीदार गेली. संगीतकार मोत्सार्ट १७९१ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या बालपणाची हकीकत चरित्रकाराला लिहून दिली ती त्याच्याहून साडेचार वर्षांनी मोठ्या असलेल्या त्याच्या बहिणीने. धाकट्याचे बालपण थोरलीला पाठ असते. थोरलीचे बालपण मात्र धाकट्याने पाहिलेलेच नसते. आपण तिला ओळखू लागतो तेव्हा ती आपल्या दृष्टीने मोठीच झालेली असते, आणि तिचे लग्न झाले की तिच्या रोजच्या जगण्यातून आपण बाहेर पडतो. म्हणजे तिच्या आयुष्याचा मधला एक तुकडा तेवढा आपल्याजवळ असतो. तो पूर्ण आयुष्य समजून लिहायला घेतला की लेखणी अडते. तुमची चार वाक्ये तेथेच संपत असावीत, असे मला वाटते.

माझेही तसेच झाले. पुष्कळ प्रयत्नांनी मी बारा पाने लिहिली आणि ती भाचीला वाचायला दिली. माझ्या आठवणीतली ताई गाणारी होती. रात्री ती माझ्या उशाशी बसून गात असे आणि तिचा आवाज मला आजही ऐकू येतो, असे मी त्यात सविस्तर लिहिले होते. भाचीने वाचून विचारले, "मामा, आई गात असे? आम्ही तिला कधी गुणगुणतानासुद्धा ऐकले नाही." हे ऐकून मी मनाशी ठरवूनच टाकले की, संसाराच्या धबडग्यात तिचे गाणे सुटले, आणि खरे सांगायचे तर त्याचा थोडा दोष मी भावोजींनाही दिला. काही आठवड्यांनी धीर करून मी त्यांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "तिला गाण्याची आवड नव्हतीच. लग्नानंतर मी एकदा गायला सांगितले होते. तेव्हा ती म्हणाली की, धाकट्याला अंधाराची भीती वाटायची, माझा आवाज ऐकला की त्याला झोप लागायची, म्हणून गात होते."

त्यानंतर कित्येक दिवस मी एक ओळही लिहिली नाही. जी गोष्ट मी तिचा छंद समजत होतो, ती तिने माझ्यासाठी वर्षानुवर्षे केली होती आणि त्याविषयी मला कधी एका शब्दाने सांगितले नव्हते. हे माझ्या आठवणीत असणे शक्यच नव्हते. ते भावोजींजवळ होते. उलट ती रात्री गात असे ही गोष्ट मुलांजवळ नव्हती, ती माझ्याजवळ होती. तेव्हापासून मी लिहिण्याची रीतच बदलली. माझ्याजवळचे मी त्यांना देऊ लागलो आणि त्यांच्याजवळचे मागू लागलो. मुलांची आई रात्री कोड्यांच्या वह्या सोडवीत बसे, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंशी तावातावाने वाद घाली आणि त्यांची शुश्रूषाही तीच करी, आणि रागावली की दिवसचे दिवस अबोला धरी. तो अबोला माझ्या वाट्याला कधी आला नव्हता, म्हणून मला तो आधी खोटाच वाटला. तरीही मी तो लिहिला. मुलांना आपली खरी आई ओळखता आली पाहिजे. गुणांचीच यादी वाचून ती त्यांना परकी वाटेल.

विचारताना एक गोष्ट सांभाळा. "ती कशी होती?" असे विचारले की "फार प्रेमळ होती" एवढेच उत्तर येते. एखादे छायाचित्र समोर ठेवा आणि हे कोणी काढले, त्या दिवशी आणखी कोण होते, ती कोणाकडे पाहून हसते आहे, असे विचारा. प्रत्येक आठवणीखाली ती कोणी व केव्हा सांगितली ते लिहा, आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही तसेच राहू द्या. आजारपणाच्या आणि भांडणांच्या गोष्टी लिहिण्याआधी भावोजींना आणि मुलांना विचारून घ्या. छायाचित्रांच्या मागे नावे लिहायची असतील तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटते. चिकट पानांच्या आल्बममधील छायाचित्रे जपून बाहेर काढा, कारण तो डिंक कालांतराने कागद खराब करतो. फोनमध्ये तिच्या आवाजातले निरोप असतील तर त्यांच्या प्रती आजच दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. फोन बदलताना ते हरवतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. थोरल्या बहिणीने केलेली कामे घराच्या सांगण्यात बहुधा दुसऱ्याच कोणाच्या नावावर जमा होतात. "वडिलांनी तुला शिकवले" हे मी लहानपणापासून ऐकत आलो. ताईची जुनी हिशोबाची वही हाती आली तेव्हा तीन वर्षांची माझी फी तिच्या पगारातून गेल्याचे दिसले. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन याने थोरली बहीण फॅनी हिची सहा गाणी स्वतःच्या नावाने छापली होती. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यांतलेच एक आवडीने गायले, तेव्हा ते बहिणीचे असल्याचे त्याला कबूल करावे लागले. पुढे त्या कुटुंबाचा इतिहास पत्रे आणि रोजनिशा जमवून फॅनीच्याच मुलाने लिहिला आणि तो १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या वहीत फीची ती नोंद मी तारखांसह पहिल्याच पानावर लिहिली आहे.

म्हणून तुम्ही सुरुवात जन्मापासून करू नका. मुलांनी जिला पाहिले नाही, अशा ताईचा एखादा दिवस लिहा. तो त्यांना वाचायला द्या आणि त्याच्या बदल्यात त्यांच्याजवळचा एक दिवस मागा. वय झालेल्या माणसांकडे मात्र आधी जा. ताईची एक जुनी मैत्रीण होती. दोघी महाविद्यालयात चार वर्षे एकाच खोलीत राहिल्या होत्या. त्यांच्याकडे मी पुढच्या महिन्यात जाऊ, असे दोनदा म्हणालो. त्या मध्येच गेल्या, आणि माझ्या वहीत त्या चार वर्षांना आज दीड पान आहे.