वजन कमी न होता नुसत्या व्यायामाने इन्सुलिनवर फरक पडतो का?

पडतो, आणि काटा हलायच्या आधीच पडतो. चालताना, जिना चढताना स्नायू ग्लुट-४ नावाचं प्रोटीन पेशीच्या कडेला आणतो आणि रक्तातली साखर आत ओढतो, तेव्हा इन्सुलिनची वाटही बघत नाही, आणि नंतर साधारण २४ ते ४८ तास तोच स्नायू कमी इन्सुलिनमध्ये भागवतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको म्हणतात.

चरबीतल्या हार्मोन्सचं जरा वेगळंय. लेप्टिन (१९९४ मध्ये सापडलं) मेंदूला सांगतं की साठा भरपूर आहे, आता खाणं आवर. चरबी जास्त तेवढं तेही जास्त, पण लठ्ठपणात मेंदू दादच देत नाही! ॲडिपोनेक्टिनचं उलटं, चरबी वाढली की ते घटतं, आणि इन्सुलिनला मदत करणारं नेमकं तेच. आठवडाभर जिम मारून ही दोन्ही फारशी हलत नाहीत, पोटाच्या आतली चरबी उतरायला लागली की हलतात, त्यामुळे काट्यापेक्षा कमरेला टेप लावून बघा.

जेवणानंतर १५ मिनिटं शतपावली खरंच कामाची. फक्त इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कधीकधी शुगर एकदम खाली जाते.