गायकाचा आवाज मागच्या स्पीकरमधून का येतो?

प्रश्न : लिनक्ससाठी म्युझिक प्लेअर लिहितो आहे. ५.१ ची (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा चॅनल) फ्लॅक फाइल, म्हणजे आवाजात काटछाट न करता साठवलेली फाइल, वाजवली की गायक मागच्या डाव्या स्पीकरमधून गातो. वायरी बरोबर आहेत.

उत्तर : वायरींना हात लावू नका, घोळ चॅनलांच्या क्रमाचा आहे. फ्लॅकमध्ये क्रम असा : पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, एलएफई (फक्त खर्ज आवाजांचा चॅनल), मागचा डावा, मागचा उजवा. अल्साच्या (लिनक्समध्ये साउंड कार्डापर्यंत आवाज पोचवणारी यंत्रणा) नेहमीच्या ५.१ आउटपुटला मात्र पुढच्या जोडीपाठोपाठ मागची जोडी लागते. मधला आणि एलएफई शेवटी. तुम्ही सॅम्पल (आवाजाचे क्षणाक्षणाचे आकडे) आले तसे पुढे दिलेत, म्हणून तिसऱ्या जागेवरचा मधला चॅनल मागे डावीकडे गेला. मागच्या उजव्यातून नुसती घरघर येत असेल, तर निदान पक्कं : तो एलएफई आहे.

दोन जोड्यांची अदलाबदल करून मोकळे होऊ नका. क्रम प्रत्येक ऑडिओ फॉरमॅटचा वेगळा : व्हॉर्बिस आणि ओपसमध्ये मधला चॅनल दुसरा असतो, एएसीमध्ये पहिला. त्यात एफएफएमपेगसारखी फायली उलगडणारी लायब्ररी क्रम आधीच लावून देते. तिथे तुम्ही पुन्हा लावलात की परत बिघडलं. डीकोडरमधून (फाइल उलगडून सॅम्पल देणारा भाग) बाहेर पडतानाच प्रत्येक चॅनलला नाव द्या, आकडा नको. आउटपुट उघडल्यावर अल्साकडून चॅनल-मॅप (कोणत्या जागेवर कोणता चॅनल, याची यादी) मागा आणि नावाने जुळवा. तपासायला प्रत्येक चॅनलमध्ये त्याचंच नाव उच्चारलेली सहा चॅनलांची फाइल प्रत्येक फॉरमॅटमध्ये करून ठेवा.

प्रश्न : स्टिरिओ गाणी पाचही स्पीकरवर पसरवण्यासाठी पुढचेच चॅनल मागे दिले. आता सगळं गाणं मागे ओढल्यासारखं वाटतं.

उत्तर : वाटणारच. मागे तेच जायला हवं जे दोन्ही बाजूंत समान नाही. डाव्यातून उजवा वजा करा, निम्मा करा. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा असतो, तो कटतो. सभागृहातला घुमारा आणि टाळ्या उरतात. हा फरक १५ मिलिसेकंद उशिरा सोडा (४८,००० च्या सॅम्पल रेटला ७२० सॅम्पल), म्हणजे कान आवाजाची जागा पुढेच धरतो. ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, नाहीतर ‘स’ आणि ‘श’ मागून शिट्टीसारखे ऐकू येतात. पातळी सुरुवातीला पुढच्यापेक्षा ६ डेसिबल कमी.

मधल्या स्पीकरवर डावा-उजव्याची बेरीज दिलीत, तर तेवढाच भाग पुढच्या दोघांतून कमी करावा लागतो. नाहीतर गायक जड होतो आणि वाद्यं मध्ये गोळा होतात. समोर मध्यभागी बसून ऐकणाऱ्यासाठी आम्ही मधला गप्पच ठेवू. एलएफईसुद्धा रिकामा ठेवा. प्लेबॅकमध्ये तो १० डेसिबल वर उचलला जातो आणि तबल्याचा डग्गा घुमायला लागतो. सबवूफरकडे खर्ज पाठवण्याचं काम रिसीव्हरचं, म्हणजे स्पीकर ज्याला जोडलेत त्या अ‍ॅम्प्लिफायरचं.

प्रश्न : काही जुन्या गाण्यांत मागे शांतता, काही एमपीथ्रीत मात्र पाण्यासारखी बुडबुड. दोष कुठे?

उत्तर : तुमच्या कोडमध्ये नाही. मोनो ध्वनिमुद्रणात डावा-उजवा एकच, फरक शून्य. ती शांतता बरोबर आहे, खोटा प्रतिध्वनी घालून भरू नका. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत बिट वाचवताना सर्वाधिक काटछाट याच फरकाची होते. एरवी गाणं ती झाकतं. वजाबाकीत गाणं गेलं की ती उघडी पडते. अशा फायलींना मागची पातळी आणखी ६ डेसिबल उतरवा आणि चाचणी फ्लॅकवरच घ्या.