मंगळवार पेठेतलं घर विकू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ६७, पत्नीचं ६२. माध्यमिक शाळेतून २०१६ साली निवृत्त झालो, पेन्शन सुरू आहे. मंगळवार पेठेत स्वतःचं जुनं दुमजली घर आहे, कागलजवळ एकरभर ऊस आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो, यंदा तो अमेरिकेचा नागरिक झाला. मुलगी मेलबर्नला स्थायिक आहे. मुलगा म्हणतो, "तुमच्या ग्रीन कार्डचा अर्ज टाकतो, घर विकून टाका, आता तिथं कोण बघणार?" मुलगी म्हणते, अमेरिकेतलं आजारपण परवडायचं नाही, इकडे या. नातवाचं तोंड फोनवर बघून बघून सौ.चा जीव कासावीस होतो. माझा मात्र पाय निघत नाही. या वयात आपला देश कुठला धरायचा? घराला गिऱ्हाईक आलंय, दिवाळीपर्यंत उत्तर मागतंय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर, आधी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. बाकीचं सावकाश बोलू.

यावर लिहायचं तर मला माझ्याच घरातलं सांगावं लागेल. मी इथल्या एका बँकेत परदेशी खात्यांच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. तरीही २०१४ साली लेकीनं आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड केलं तेव्हा, आज तुमचा मुलगा जे समजतोय तेच मीही समजत होते. कार्ड हाताशी असलेलं बरं, व्हिसासाठी पुन्हा पुन्हा धावायला नको, मनात येईल तेव्हा जाऊ, कंटाळलो की परत येऊ.

प्रत्यक्षात सगळं उलटं आहे. येऊन-जाऊन राहणाऱ्यासाठी व्हिजिटर व्हिसा असतो. ग्रीन कार्ड म्हणजे 'आता मी इथंच राहणार' असा त्या सरकारला दिलेला शब्द. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावर विचारणा होते. सलग वर्ष उलटलं आणि आधी परवानगी काढलेली नसेल, तर तुम्ही कार्ड सोडलं असंच धरतात. त्या परवानगीला रीएंट्री परमिट म्हणतात. ती अमेरिकेत असतानाच मागावी लागते, बोटांचे ठसेही तिथंच द्यावे लागतात आणि ती मिळते फार तर दोन वर्षांची.

आमच्या यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि पुतणीचं लग्न, असे आम्ही एकदा दहा महिने कोल्हापुरात राहिलो. परत जाताना नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं यांच्या पासपोर्टची पानं चाळली आणि विचारलं, "तुम्ही राहता कुठं?" यांनी पटकन सांगितलं, "कोल्हापूर." माझ्या पोटात गोळा आला. लेकीच्या घरचा पत्ता, तिथल्या बँकेचं स्टेटमेंट, टॅक्सचे कागद, सगळं पिशवीतून काढून दाखवलं तेव्हा सोडलं. गाडीत बसल्यावर मी चिडले. हे म्हणाले, "त्यानं विचारलं कुठं राहता, मी खरं ते सांगितलं." सर, तुम्ही मला जे विचारताय ते त्या माणसानं आम्हाला तेव्हाच विचारलं होतं, आणि उत्तरही देऊन झालं होतं. ते मान्य करायला मला आणखी वर्षभर लागलं.

आता दवाखान्याचं. तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतो हे ऐकून सगळे निर्धास्त असतात. पण ज्यांनी तिथं नोकरी करून दहा वर्षांचा कर भरलेला नाही, त्यांना आधी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं, आणि मग हप्ता भरूनच मेडिकेअर घ्यावं लागतं. २०२५ सालचे दर बघा : हॉस्पिटलच्या भागाला माणशी महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरच्या भागाला १८५ डॉलर. दोघांचे मिळून महिन्याला चौदाशे डॉलर झाले. पहिली पाच वर्षं खासगी विमा, आणि तुमची तर तोवर सत्तरी ओलांडलेली असेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या रोजच्या शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर देत नाही, आणि कोल्हापुरातल्या दवाखान्याचं बिलही देत नाही. हा सगळा भार मुलाच्या खिशावर पडणार. तो आनंदानं उचलेल, पण अर्ज टाकण्याआधी त्याला हे आकडे माहीत असायला हवेत.

कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पेन्शन, एफडीचं व्याज, वरच्या मजल्याचं भाडं, उसाचं बिल, सगळं. दोन देशांत करार आहे, इथं भरलेल्या कराचा हिशेब तिथं धरतात, पण कागद भरणं चुकत नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तरी त्याची माहिती वेगळी कळवावी लागते. निवृत्त शिक्षकाच्या एफडी तेवढ्या असतातच. इकडे बँकेत तुमचं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, होणार. व्याजावर कर कापू नये म्हणून दर एप्रिलला तुम्ही जो फॉर्म भरता, तो बंद. व्याजावर ३० टक्के आणि वर सेस कापून जाणार, मग रिटर्न भरून परत मागत बसायचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवीन खातं उघडता येत नाही. माझ्या टेबलासमोर कितीतरी जण हे ऐकून गप्प बसलेले मी पाहिलेत, कारण तोवर ते जाऊन बसलेले असायचे.

आणि एक चूक माझी. आता तिकडेच राहायचं म्हणून मी इथला मेडिक्लेम बंद केला. परत आलो तेव्हा हे ६७ वर्षांचे. नवी पॉलिसी मिळाली, पण जुन्या दुखण्यांना वर्षानुवर्षं थांबा असं सांगण्यात आलं. तुम्ही काहीही ठरवा, मेडिक्लेमचा हप्ता चुकवू नका. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात आहेत.

मेलबर्नचं थोडक्यात. निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात असली पाहिजेत ही तिथली अट. तुमच्या दोन मुलांपैकी एक तिथं आहे, म्हणजे अटीत बसता. पण कायमच्या व्हिसाची साधी रांग तीस वर्षांच्या आसपास आहे, आणि पैसे भरून जाण्याच्या रांगेला माणशी ४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मोजूनही दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. तुमच्या वयाला हे दोन्ही बाद. तात्पुरता पालक व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, एकूण दहा वर्षांपर्यंत. विमा आपला आपण काढायचा. मुलीकडं लांबच्या मुक्कामाला तो चांगला, देश बदलायला नव्हे.

पैशाचं एवढं लिहिलं, तरी आम्ही परत आलो ते पैशामुळं नव्हे.

हे उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेले. तिकडे हाताला काम नव्हतं. दह्याचे रिकामे डबे धुऊन, पुसून गॅरेजमध्ये मापाप्रमाणे रचून ठेवायचे. एकदा लेकीचा कपडे वाळवायचा ड्रायर बिघडला. मोटर गुणगुणायची, पण आतला ड्रम फिरेना. जावई नवीन मागवायला निघाले होते. यांनी त्यांना थांबवलं, पत्रा उघडला, तर आत पट्टा तुटून पडलेला. काळा, चपटा, बोटाएवढाही रुंद नसलेला. पट्टा आणवला आणि दुपारभर फरशीवर आडवं पडून, एक हात आत घालून, ड्रमवरून ओढून पुलीत बसवला. कोपरापर्यंत काळे झाले होते. त्या रात्री हे जेवताना बोलले, दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि पहाटेपर्यंत गाढ झोपले. मी अंधारात पडून मोजत होते, असा दिवस इथं आल्यापासून कितवा. तो पहिलाच होता.

२०१७ साली आय-४०७ नावाचा फॉर्म भरून आम्ही कार्ड परत केलं. नंतर व्हिजिटर व्हिसासाठी मुलाखत दिली, सगळं खरं सांगितलं, व्हिसा मिळाला. आता दरवर्षी चार-पाच महिने लेकीकडं असतो. पंच्याहत्तरीतही हे कोल्हापुरात सकाळी दहाला मित्राच्या वर्कशॉपात जाऊन बसतात. पगार कुणी देत नाही, पण "आबा, हे जरा बघता का" म्हणून पोरं जॉब पुढं करतात. सर, तुम्ही एक दिवस घरापासून बिंदू चौकापर्यंत चालत जा आणि वाटेत किती जण "सर" म्हणून थांबवतात ते मोजा. न्यू जर्सीत मुलगा तुम्हाला खोली देईल, गाडी देईल, ती हाक त्याला देता यायची नाही.

पण वहिनींचं काय? तुमच्या पत्रात घर, ऊस, पेन्शन सगळं सविस्तर आहे आणि त्यांना एक ओळ. त्यांचं दुःख खरं आहे, आणि 'आपला गाव बरा' म्हणून ते दाबून टाकू नका. एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते : आई आणि वडील यांचे अर्ज वेगवेगळे असतात. दोघांनी एकच ठरवलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही. दोन घरं करा असं मी सुचवत नाही, पण त्यांच्याशी बोलायला बसाल तेव्हा त्यांचा निर्णय आधीच तुमच्या खिशात आहे असं धरून बसू नका. नातवासोबत राहायचं म्हणजे नक्की काय, तो शाळेतून घरी किती वाजता येतो, सून-मुलगा किती वाजता, मधले तास घरात कोण, हे त्यांनी स्वतः तिथं राहून बघायला हवं.

म्हणून यंदा असं करा. नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव बघा, हयातीचा दाखला द्या आणि व्हिजिटर व्हिसावर दोघं निघा. प्रवासाचा विमा इथूनच काढा. उन्हाळ्यात जाऊ नका. मे-जूनमध्ये न्यू जर्सी कुणालाही आवडतं. डिसेंबर-जानेवारीत दुपारी साडेचारला दिवे लावावे लागतात, तेव्हा राहून बघा. दरवेळी साधारण सहा महिने राहता येतं. मात्र ग्रीन कार्डचा अर्ज त्याआधी टाकू नका, कारण एकदा तो टाकला की व्हिजिटर व्हिसा मागताना 'यांना परत यायचंच नाही' असा संशय धरतात. आणि थांबलात म्हणून काही हातचं जात नाही. नागरिक मुलाच्या आईवडिलांना वार्षिक कोटा नाही, आज अर्ज केला नाही म्हणून रांगेतला नंबर मागे पडत नाही. विकलेलं घर मात्र परत मिळत नाही.

इथं राहायचं ठरलं तरी ते आपोआप जमेल असं समजू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहरात कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं, आणि लेक तिकडे फोनवर रडत होती. तेव्हा शेजारच्यांनी पाण्याच्या कळश्या वर आणून दिल्या. तुमच्या दुमजली घराचा जिना आणखी दहा वर्षांनी चढवणार नाही. झोपायची खोली खाली आणा, न्हाणीत धरायला दांडे बसवा, एक किल्ली शेजारी द्या, मृत्युपत्र करा. दोन्ही मुलं परदेशी, तेव्हा सातबारा आणि घराचे कागद कुठं आहेत हे इथल्या एका तरी भरवशाच्या माणसाला माहीत असू द्या. मुलाला "आता कोण बघणार तिथं" याचं उत्तर नावानिशी देता आलं, की त्याचीही घालमेल थांबेल.

प्रश्न : माझी बहीण शिकागोत नर्स होती, अमेरिकन नागरिक आहे. ६२ व्या वर्षी कायमची कोल्हापूरला परत येतेय. तिला पन्हाळ्याच्या पायथ्याला थोडी शेतजमीन घ्यायची आहे. जमेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : शेतजमीन विकत घेता येणार नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारताचं संपलं. ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, त्या इथं हवं तितकं राहू शकतील, फ्लॅट घेऊ शकतील; शेतजमीन किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही आणि मतदानही नाही. वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा असेल तर तो वारसानं मिळतो, म्हणून तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलंय का ते आधी बघा. कधी भारतीय नागरिकत्वच परत हवं झालं, तर ओसीआय होऊन पाच वर्षं झाल्यावर, आणि त्याआधीचे बारा महिने इथं राहून, अर्ज करता येतो. अमेरिकेचं तेव्हा सोडावं लागेल. तोवर तिथलं टॅक्स रिटर्न दरवर्षी चालूच राहणार.

मेडिकेअर इथं चालत नाही, पण पासष्टीला डॉक्टरचा भाग घ्यायचा की नाही हे त्यांनी विचारपूर्वक ठरवावं. न घेता नंतर परत गेल्या, तर चुकलेल्या प्रत्येक वर्षामागे दहा टक्के जादा हप्ता कायमचा बसतो. इथला आरोग्य विमा आल्या आल्या काढावा, कारण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि जुना रद्द झालेला भारतीय पासपोर्ट व सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला) एकाच पाकिटात घालून हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा; सामानात टाकू नये.