दमट हवेतले सरळ केस: तुमचे प्रश्न

हवेत ओल वाढली की माझ्याकडे येणारी पत्रं एकाच सुरात बोलू लागतात. या वेळी तर गठ्ठ्यातली निम्मी पत्रं एकाच तक्रारीची आहेत: कुरळे केस कष्टाने सरळ केले आणि उंबरठा ओलांडताच ते पुन्हा फुगले. त्यातली काही निवडली आहेत.

प्रश्न: ताई, माझे केस दाट आणि बारीक कुरळे आहेत. सुट्टीच्या दिवशी न्हाऊन, ब्लो ड्राय करून घरीच स्ट्रेटनर फिरवते. तेव्हा केस अगदी सुळसुळीत दिसतात. दुसऱ्या दिवशी कामावर पोचेपर्यंत भांगाजवळ आणि मानेवर फुगलेले असतात. मग संध्याकाळी पुन्हा स्ट्रेटनर आणि वर तेलाचा हात. आठवडाभर हेच चालतं. आता टोकं राठ झालीत, दुभंगायलाही लागलीत. स्ट्रेटनर चांगला घेऊ की सीरम बदलू?

उत्तर: आत्ता तरी दोन्ही नको. आधी ते संध्याकाळचं स्ट्रेटनर थांबवा. तुमचं निम्मं नुकसान तिथे होतंय, आणि उपयोग शून्य.

केसाच्या आतल्या केराटिन या प्रथिनाला मुख्यतः दोन तऱ्हेचे बंध आकार देतात. गंधकाचे बंध पक्के. त्यांच्यामुळे तुमचा केस मुळात कुरळा आहे आणि स्ट्रेटनर त्यांना हात लावू शकत नाही. दुसरे हायड्रोजनचे बंध. ते पाण्याने सुटतात आणि पाणी निघून गेलं की केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. तुम्ही सरळ करता ते फक्त या दुसऱ्या बंधांच्या जोरावर. म्हणजे पाणी आत शिरलं की केस आपल्या मूळ वळणावर जाणारच. आणि केस पाणी पितो किती? हवा पूर्ण संपृक्त असेल तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के. जाडीही जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढते. होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने 1783 मध्ये हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र मांडलं, त्यात ताणून बसवलेला माणसाचा केस होता. ओल वाढली की केस किंचित लांबतो आणि काटा सरकतो. मला यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. केस यंत्रात बसवण्याआधी तो सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचा तेलकटपणा काढायचा, म्हणजे केसाला ओल चटकन कळावी. आपल्याला नेमकं उलटं हवंय. केसाला ओल उशिरा कळली पाहिजे.

त्याची तयारी न्हाणीघरात सुरू होते. मुळांवर तेल, जुनं सीरम आणि घाम यांचा थर साचला असेल तर त्यावर नवं काहीच नीट बसत नाही. म्हणून सरळ करायच्या दिवशी थर काढणारा, म्हणजे क्लॅरिफायिंग शाम्पू एकदा घ्या. रोज नको. त्यानंतर भरपूर कंडिशनर. बाटलीवर बेहेनट्रिमोनियम क्लोराइडसारखं नाव असेल तर उत्तम, कारण हे घटक केसाच्या झिजलेल्या जागा शोधून तिथेच चिकटतात. केसाला वरून जन्मजात एक बारीक स्निग्ध थर असतो, तोच पाणी बाहेर ठेवतो. ब्लीच, रंग आणि वारंवारच्या उष्णतेने तो निघून जातो. तुमची टोकं राठ झालीत ती यामुळे. ओल तिथून बेधडक आत जाते.

आता वाळवणं. तुमच्या पत्रात ब्लो ड्रायचा एका शब्दात उल्लेख आहे आणि माझा संशय तिथेच आहे. दाट केसांत वरचा पदर कोरडा होतो आणि मानेजवळचा आतून ओला राहतो. हाताला कळत नाही, कारण ड्रायरने केस गरम झालेला असतो. एक मिनिट थांबा, केस गार होऊ द्या. मग मानेजवळची एक बट घेऊन वरच्या ओठावर टेकवा. बोटांपेक्षा ओठाला पटकन समजतं. गार लागली तर आत पाणी आहे. अशा बटेवर स्ट्रेटनर फिरवला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बारीक फुगे धरतात. तो केस पुढे तिथेच तुटतो. चर्र आवाज आला किंवा वाफ दिसली तर समजा, वाळवणं राहिलंय. ड्रायरला पुढची चपटी नळी लावा, हवेचा झोत मुळाकडून टोकाकडे द्या आणि ब्रशने बट ताणून धरा. शेवटी थंड हवा. केस गार होतो तेव्हा आकार पक्का होतो, म्हणून ती बट ताणलेली असतानाच गार करायची.

केस इतके वाळले की स्ट्रेटनरचं काम फारसं उरत नाही. बोटाएवढ्या रुंदीची बट, पुढे कंगवा, मागे स्ट्रेटनर, सावकाश एकच फेरी. नाजूक केसांना 150 ते 160 अंश पुरतात, तुमच्यासारख्या दाट केसांना 180 ते 190. दोनशेच्या वर जायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस जपणारा फवारा, ओलसर केसांना लावून मग वाळवा. ऐन वेळी फवारून लगेच स्ट्रेटनर लावला तर तो फवारा म्हणजे नुसतं पाणी झालं.

तेल मात्र न्हाण्याच्या आधी लावा. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सरळ केलेल्या केसांवर लावून पुन्हा स्ट्रेटनर फिरवणं हे तळण्याचंच काम.

रात्री केस डोक्याभोवती एकाच दिशेने गोल विंचरून गुंडाळा, वर साटिनचा रुमाल बांधा. अंघोळीला टोपी घाला आणि न्हाणीघराची वाफ निघून जाईपर्यंत ती काढू नका. एवढं करूनही चौथ्या-पाचव्या दिवशी मुळं उठतील. त्या दिवशी केस बांधा.

प्रश्न: मोबाइलवर सकाळी आर्द्रता 90 टक्के दिसते, तरी माझे केस बरे असतात. दुपारी 60 टक्के दाखवतात आणि केस पिंजारतात. हे उलटं कसं? आणि एसीच्या ऑफिसमधून बाहेर पडल्यावर तर दोन मिनिटांत वाट लागते.

उत्तर: प्रश्न फार आवडला. तुम्ही बघताय ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, तिच्या किती टक्के आहे एवढंच ती सांगते. त्याच ॲपमध्ये खाली दवबिंदू असतो, म्हणजे ज्या तापमानापर्यंत गार झाल्यावर हवेतली वाफ पाणी होऊन धरू लागते ते तापमान. तोही पाहा. सकाळी 18 अंश आणि 90 टक्के असेल तर दवबिंदू 16 च्या आसपास येतो. दुपारी 33 अंश आणि 60 टक्के, म्हणजे दवबिंदू 24. प्रत्यक्षात दुपारच्या हवेत पाणी खूप जास्त आहे. अशा हवेत टाळूचा घाम सुकत नाही आणि मुळांना बाहेरून नव्हे, आतूनच ओल पुरवली जाते. म्हणून भांग आधी उठतो, टोकं नंतर.

एसीचं गणित याहून साधं आहे. आत केस 22-23 अंशांपर्यंत गार होतो. बाहेर दवबिंदू 24. दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा धुरकटतात ना? केसावरही तेच पाणी धरतं, फक्त दिसत नाही. बाहेर पडताना डोक्यावर सैलसा रुमाल घ्या आणि केस बाहेरच्या हवेइतके उबदार झाले की काढा. पाच मिनिटं पुरतात. दवबिंदू 20 च्या वर असेल त्या दिवशी मी स्वतः कुणाचे केस मोकळे सोडून देत नाही. नीट बसवलेला अंबाडा किंवा मागे घट्ट विंचरलेली पोनी, आणि गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

प्रश्न: ग्लिसरीन असलेलं सीरम दमट हवेत लावू नये असं मैत्रीण म्हणते. खरं का?

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे, जरा जास्तच ठामपणे सांगितलंय एवढंच. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. घटकांच्या यादीत ते पहिल्या चार-पाच नावांत असेल आणि उत्पादन धुवायचं नसेल, तर सरळ केलेल्या केसांवर दमट दिवसांत नको. धुऊन टाकायच्या कंडिशनरमध्ये असलं तर काही बिघडत नाही. कोरफड, मध, प्रोपिलीन ग्लायकॉल यांनाही हाच न्याय लावा. त्याऐवजी यादीत डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन ही सिलिकोनं शोधा. सिलिकोनला लोक उगाच घाबरतात. दमट हवेत पाणी बाहेर ठेवणारा याच्याइतका पातळ आणि हलका थर मला दुसऱ्या कशाने मिळालेला नाही. मुळांना लावू नका, मधल्या लांबीपासून खाली दोन-तीन थेंब पुरेत, आणि महिन्यातून एकदा-दोनदा थर काढणारा शाम्पू.

प्रश्न: मी रोज पळायला जाते. केस सरळ ठेवायचे तर व्यायाम सोडायचा का? आई तसंच म्हणते.

उत्तर: अगं, अजिबात नाही! आईंना माझा नमस्कार सांग, आणि पळणं चालू ठेव. केस कपाळापासून मागे सपाट विंचरून साटिनची पट्टी बांध आणि बाकीचे सैल गुंडाळून वर पिन कर. परत आल्यावर पट्टी लगेच सोडू नकोस. ती बांधलेली असतानाच ड्रायरची थंड हवा मुळांवर दे, टाळू कोरडी होईपर्यंत. केस दाबलेल्या स्थितीत सुकला तर तसाच राहतो. घामाने ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवायचा मोह होईल, तो टाळ. टाळू खाजायला लागली तर ठरलेला दिवस येण्याची वाट न पाहता धुऊन टाक.

प्रश्न: दर आठवड्याच्या या कटकटीला कंटाळले आहे. रीबॉन्डिंग, केराटिन, रिलॅक्सर, यातलं काय करून घेऊ?

उत्तर: तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि पार्लरमध्ये त्यांची नावं सर्रास एकमेकींच्या जागी वापरली जातात. रीबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट हे रसायन गंधकाचे बंध तोडतं, स्ट्रेटनरने केस सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ते बंध नव्या जागी जोडतात. रिलॅक्सरमध्ये बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडीन हायड्रॉक्साइड असतं. ते फार तीव्र अल्कली असतं, टाळू भाजू शकते. या दोन्हींनी केलेला केस दमट हवेत परत कुरळा होत नाही. पण मुळांतून महिन्याला साधारण एक सेंटिमीटर कुरळा केस उगवतच राहतो, आणि जुना-नवा जिथे भेटतो तिथे केस तुटतो. आधी एक करून त्याच केसांवर दुसरं केलं तर केस अक्षरशः हातात येतात. म्हणून मागे काय केलं होतं ते लपवू नका.

केराटिन ट्रीटमेंटबद्दल माझं मत कडक आहे. ते काही महिन्यांत धुतलं जातं, ओल बऱ्यापैकी अडवतं, हे खरं. पण त्यात फॉर्मल्डिहाइड असेल, किंवा मिथिलीन ग्लायकॉल या नावाने तेच असेल, तर स्ट्रेटनरच्या उष्णतेने त्याचा वायू सुटतो, आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. डोळे झोंबायला लागले तर खुर्चीतून उठा. ‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ लिहिलेल्या बऱ्याच क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका 26 वर्षांच्या तरुणीची नोंद आली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तिला लावलेल्या क्रीममध्ये हे ॲसिड होतं. त्यानंतर माझ्या खुर्चीवर मी ते वापरणं बंद केलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर यातलं काहीच करू नका.

करायचंच असेल तर फक्त रीबॉन्डिंग, तेही रंग किंवा ब्लीच न केलेल्या केसांवर, आणि आधी मानेजवळच्या एका बटेवर करून पाहून.

प्रश्न: धुतल्यावर बाकीचे केस कुरळे होतात, पण पुढच्या दोन बटा सरळच राहतात. मला आनंद व्हावा की काळजी वाटावी?

उत्तर: काळजी. उष्णतेने तिथलं केराटिन कायमचं बिघडलंय. पुढच्या बटांवर सगळ्यांचाच हात जास्त फिरतो, शेवटी आरशात दिसतात त्या त्याच. मास्क, प्रथिनं, तेल यांनी त्या मऊ लागतील, वळण परत येणार नाही. दर दोन महिन्यांनी थोडं थोडं कापत जा. नवे केस येईपर्यंत त्या बटांना स्ट्रेटनर लावू नका, तशाही त्या सरळच आहेत.

प्रश्न: समारंभाला निघाले आणि पावसात केस भिजले. हातात अर्धा तास आहे. काय करू?

उत्तर: टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा. अर्ध्या तासात दाट केस स्ट्रेटनर लावण्याइतके वाळत नाहीत, तो नाद सोडा. केस ओलसर असतानाच बाजूला भांग पाडा, थोडं जेल लावून मागे ओढून विंचरा, खाली मानेवर अंबाडा घाला. कडेचे छोटे केस जुन्या, मऊ दातांच्या ब्रशने बसवा आणि वर रुमाल बांधून वाहनात बसा. पोचल्यावर रुमाल सोडा. रात्री घरी आल्यावर अंबाडा तसाच ठेवून झोपू नका, आत ओल असते.