मराठी विकिपीडियावर कुणीतरी लेखात वारंवार खोटी माहिती घुसडतंय. काय करावं?

आधी लेखाचा इतिहास उघडा आणि दोन आवृत्त्यांमधला फरक पाहा. शिवीगाळ लगेच दिसते. खरा घात करतो तो एका आकड्याचा बदल: रायगडावरच्या राज्याभिषेकाचं १६७४ गुपचूप १६४७ होतं आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच सदस्याचं योगदानही तपासा, इतर लेखांत हाच उद्योग सापडतो.

बदल उलटवताना, म्हणजे आधीची आवृत्ती परत आणताना, संपादनाच्या सारांशात कारण आणि ग्रंथाचा पृष्ठक्रमांक द्या. तोच बदल पुन्हा झाला तर लेखाच्या चर्चापानावर एकदाच, शांतपणे लिहा. उलटवाउलटवीत अडकू नका. इंग्रजी विकिपीडियावर एका लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाराच अडवला जाऊ शकतो, मग तो बरोबर असला तरी! त्याऐवजी फरकाचे दुवे घेऊन चावडीवर (विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर) किंवा प्रचालकांकडे, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यांकडे, जा. नुसत्या तक्रारीपेक्षा दुवे कामी येतात. प्रचालक लेख अर्धसुरक्षित करू शकतात, म्हणजे निनावी आणि नवी खाती थांबतात.

समोरच्यानं बातमीचा संदर्भ दिला तर तिची तारीख नक्की बघा. बातमी त्या बदलानंतरची असेल, तर ती विकिपीडियावरूनच उचललेली असू शकते. असा संदर्भ पुरावा म्हणून धरू नका.