किडनी स्वीकारायची की नाही, हे ठरवताना डॉक्टरांच्या स्क्रीनवर काय असावं?

तुम्ही विचारलंय की गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी) इस्पितळातल्या नेफ्रॉलॉजिस्टसाठी (किडनीतज्ज्ञासाठी) किडनी प्रत्यारोपणाच्या निर्णयाला मदत करणारं ॲप करताना स्कोअर मोठा दाखवावा की आलेख. माझ्या मते ते दोन्ही नंतर.

आधी डॉक्टरांपुढचा प्रश्न नीट ओळखा. अवयव कुणाच्या वाट्याला, हे रोटो-सोटो या अवयववाटप पाहणाऱ्या विभागीय आणि राज्य संस्थांची यादी आणि नियम ठरवतात. त्यात तुमच्या ॲपने नाक खुपसू नये. डॉक्टरांना ठरवायचं असतं ते एवढंच: ही किडनी माझ्या या रुग्णाला आत्ता घेऊ, की त्याला डायलिसिसवर ठेवून पुढची वाट पाहू? म्हणून शेजारीशेजारी दोन रकाने हवेत, 'घेतली तर' आणि 'थांबलो तर'. नुसता पहिला दाखवलात तर दात्याचं वय आणि रक्तदाब तेवढा डोळ्यांत भरतो, नकार जातो, आणि थांबण्यातला धोका कुणी मोजतच नाही.

केडीपीआय, म्हणजे मृत दात्याची किडनी किती टिकेल याचा अंदाज देणारा स्कोअर, दाखवणार असाल तर सांभाळून. 85 टक्के हा आकडा घाईत 'किडनी 85 टक्के खराब' असा वाचला जातो. खरा अर्थ असा, की अमेरिकेत एका वर्षात मिळालेल्या दात्यांशी तुलना करता 85 टक्के किडन्या हिच्यापेक्षा जास्त टिकण्याची अपेक्षा आहे. तुलना अमेरिकेशी आहे, हे आकड्याखालीच लिहा. शिवाय 2024 मध्ये त्या सूत्रातून वंश आणि हिपॅटायटिस सी हे घटक काढले गेले. इंटरनेटवरून जुनं सूत्र उचललंत तर उत्तर वेगळं येईल.

सगळ्यात जास्त घोळ दात्याच्या क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्तचाचणी, आकडा वाढला की काम कमी). एकच आकडा ठेवू नका, वेळेसकट सगळी रीडिंग्ज ठेवा. दाखल होताना 0.9 आणि आता 2.4 असेल तर इजा ताजी असू शकते, किडनी सावरू शकते, पहिल्यापासून 2.4 असेल तर गोष्टच वेगळी. युनिट प्रत्येक आकड्याला चिकटलेलं हवं: 1.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे 106 मायक्रोमोल प्रति लिटर. आणि रिपोर्ट आला नसेल तर 'आला नाही' असंच दिसू द्या. रिकाम्या जागी गुपचूप 'नॉर्मल' भरणारं ॲप मी तर वापरू देणार नाही.

वेळेचं घड्याळ क्रॉस-क्लॅम्पपासून (दात्याच्या अवयवांचा रक्तपुरवठा बंद केला त्या क्षणापासून) चालू करा, होकार दिल्यापासून नव्हे. 'सहा तास झाले' यापेक्षा 'रात्री 11:40 पासून बर्फात' हे फोनवर सांगायला सोपं. किडनीला साधारण 24 तास मिळतात, जितकं लवकर तितकं बरं. मुंबईहून यायची असेल तर दाबोळीचं विमान की मोपाचं, आणि तिथून बांबोळीपर्यंतचा रस्ता, हे त्यात धरा. हृदयाला जेमतेम चार तास, त्यामुळे तोच स्क्रीन त्याला चालणार नाही.

किडनी मिळतेय हे कळवणारा प्रत्यारोपण समन्वयकाचा फोन बहुधा अपरात्री येतो आणि डॉक्टर घरी असतात. तेव्हा सगळं मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावलं पाहिजे, आणि नेटवर्क गेलं तर माहिती किती वाजताची आहे तेही दिसलं पाहिजे.

चाचणीसाठी नावं काढलेल्या जुन्या केसेस घ्या. डॉक्टरांना आधी ॲपशिवाय ठरवू द्या, मग ॲपसह. काही केसेसमध्ये मुद्दाम चुकीचा रक्तगट किंवा युनिट घाला (असं होणार, हे आधी सांगून ठेवा). चूक न पकडता ॲपच्या मागे जाणारे जास्त निघाले तर रंग आणि मोठा आकडा कमी करून पुन्हा तपासा.